संकेतस्थळाच्या विक्रीतील आर्थिक फसवणूक

संकेतस्थळाच्या विक्रीतील आर्थिक फसवणूक म्हणजे चालू संकेतस्थळ, डोमेन नाव किंवा त्यांच्याशी निगडित डिजिटल मालमत्ता आंतरजालावरून विकताना रकमेच्या देवाणघेवाणीत होणारी लुबाडणूक होय. या फसवणुकीचा फटका प्रामुख्याने विक्रेत्याला बसतो. मालमत्ता हातची जाते आणि तिचे मोल एकतर मिळतच नाही किंवा मिळाल्यानंतर काही काळाने परत घेतले जाते. चोरीचे डोमेन विकले गेल्यास खरेदीदारही फसतो.

संकेतस्थळाचा ताबा काही मिनिटांत बदलतो, तर काही मार्गांनी दिलेली रक्कम पुढे कित्येक महिने परत घेता येते. या दोन मुदतींमधील तफावत हे या फसवणुकीचे मूळ कारण आहे. त्यामुळे खरेदीदाराने पैसे पाठविले का, यापेक्षा ते कोणत्या मार्गाने आले, कोणाच्या खात्यातून आले आणि ते परत जाऊ शकतात का, हे प्रश्न अशा व्यवहारात अधिक महत्त्वाचे ठरतात.

व्यवहाराचे स्वरूप

संकेतस्थळ ही एकसंध वस्तू नसते. त्यात साधारणपणे डोमेन नाव, संगणक-संकेत व मजकुराच्या फाइली, विदागार, होस्टिंगचे खाते, ईमेल खाती, जाहिरातींची खाती आणि समाजमाध्यमांवरील पाने यांचा समावेश होतो. यांपैकी डोमेन नाव हा सर्वांत निर्णायक घटक आहे. फाइलींची प्रत विक्रेत्याजवळ राहू शकते, परंतु डोमेन नाव एका वेळी एकाच नोंदणीधारकाच्या नावे असते. ते गेले की वाचक, शोधयंत्रांतील स्थान आणि त्या पत्त्यावरील ईमेल हे सर्व नव्या धारकाकडे जाते.

डोमेन नावाचे हस्तांतरण दोन प्रकारे होते. पहिल्या प्रकारात त्याच रजिस्ट्रारकडे असलेल्या खरेदीदाराच्या खात्यात डोमेन वळविले जाते. ही क्रिया बहुधा काही मिनिटांत पूर्ण होते. दुसऱ्या प्रकारात डोमेन एका रजिस्ट्रारकडून दुसऱ्याकडे नेले जाते. त्यासाठी विक्रेत्याला डोमेनवरील कुलूप काढून ऑथ कोड नावाचा गुप्त संकेतांक खरेदीदाराला द्यावा लागतो. या प्रकाराला सामान्यतः काही दिवस लागतात. डॉट कॉमसारख्या जागतिक डोमेनांचे नियम १९९८ मध्ये स्थापन झालेली आयकॅन ही संस्था ठरविते. डॉट इन आणि देवनागरी लिपीतील डॉट भारत या डोमेनांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, अर्थात निक्सी, ही संस्था पाहते.

फसवणुकीस वाव मिळण्याची कारणे

प्रत्यक्ष बाजारातील व्यवहारात माल आणि पैसा बहुधा समोरासमोर हात बदलतात. संकेतस्थळाच्या विक्रीत दोन्ही पक्ष एकमेकांना अपरिचित असतात आणि अनेकदा वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहतात. कोणीतरी आधी द्यावे लागते आणि जो आधी देतो तो धोका पत्करतो.

मुदतीतील तफावत पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होते. व्हिसा व मास्टरकार्ड यांच्या नियमांनुसार अनेक प्रकारच्या तक्रारींत कार्डधारकाच्या बँकेला सुमारे १२० दिवसांपर्यंत रक्कम परत मागता येते. यास चार्जबॅक म्हणतात. पेपाल या सेवेत खरेदीदाराला १८० दिवसांच्या आत वाद उपस्थित करता येतो. डोमेनचा ताबा मात्र पहिल्याच दिवशी गेलेला असतो. शिवाय अमूर्त वस्तूच्या बाबतीत ती पोहोचविल्याचा पुरावा देणे कठीण असते. पार्सलची पोच कुरिअरच्या पावतीने सिद्ध होते, संकेतस्थळाची तशी पावती नसते.

फसवणुकीचे प्रमुख प्रकार

रक्कम परत घेणे : खरेदीदार कार्डाने किंवा ऑनलाइन पाकिटातून पूर्ण रक्कम भरतो, ताबा घेतो आणि काही आठवड्यांनी वस्तू मिळाली नाही किंवा व्यवहार आपण केलाच नाही, अशी तक्रार करतो. कार्ड चोरीचे असल्यास तक्रार खरा कार्डधारक करतो आणि ती रास्तच असते. दोन्ही प्रसंगी विक्रेत्याच्या खात्यातून रक्कम वजा होते.

बनावट एस्क्रो सेवा : एस्क्रो म्हणजे तिऱ्हाईत संस्थेने रक्कम स्वतःकडे ठेवून, ताबा मिळाल्याची खात्री झाल्यावर ती विक्रेत्याला देण्याची पद्धत. फसविणारा खरेदीदार विशिष्ट एस्क्रो सेवेचाच आग्रह धरतो आणि तिचा दुवा स्वतः पाठवितो. ते संकेतस्थळ हुबेहूब नक्कल असते. त्यावर रक्कम जमा झाल्याचे दिसते, प्रत्यक्षात काहीही जमा झालेले नसते.

जादा रकमेचा धनादेश : ठरलेल्या किमतीपेक्षा मोठ्या रकमेचा धनादेश पाठवून वरची रक्कम परत पाठविण्याची विनंती केली जाते. विक्रेता ती पाठवितो आणि नंतर मूळ धनादेश वटत नाही.

मूल्यांकन प्रमाणपत्र : खरेदीदार आकर्षक किंमत देऊ करतो, परंतु आधी डोमेनचे मूल्यांकन प्रमाणपत्र मागतो आणि ते कोठून घ्यावे हेही सुचवितो. प्रमाणपत्राचे शुल्क हेच फसवणुकीचे उद्दिष्ट असते. शुल्क भरताच खरेदीदार नाहीसा होतो.

क्यूआर कोड व पिन : भारतात हा प्रकार वापरलेल्या वस्तूंच्या ऑनलाइन विक्रीत विशेष पसरला. आगाऊ रक्कम पाठवितो असे सांगून विक्रेत्याला क्यूआर कोड किंवा रक्कम मागणारी विनंती पाठविली जाते आणि यूपीआय पिन टाकण्यास सांगितले जाते. पिन टाकताच विक्रेत्याच्याच खात्यातून पैसे जातात. यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही. तो केवळ पैसे पाठविण्यासाठी व शिल्लक पाहण्यासाठी लागतो.

खोटी पावती : रक्कम पाठविल्याचे बनावट छायाचित्र, बँकेच्या नावाने आलेला खोटा लघुसंदेश किंवा परदेशी बँकेच्या स्विफ्ट संदेशाची रचलेली प्रत दाखवून ताबा मागितला जातो. सुटीचा दिवस आहे, रक्कम वाटेत आहे, असे कारण देऊन घाई केली जाते.

तपासणीच्या निमित्ताने प्रवेश : उत्पन्न व वाचकसंख्या तपासण्यासाठी खरेदीदार व्यवस्थापकाचा पासवर्ड मागतो किंवा विक्रेत्याला दूरस्थ नियंत्रणाचे ॲप उतरवून घेण्यास सांगतो. अशा ॲपद्वारे बँक खात्यापर्यंत पोहोचण्याच्या धोक्याबाबत भारतीय रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते.

गुन्ह्यातील पैसा : या प्रकारात विक्रेत्याला रक्कम खरोखरच मिळते, परंतु ती तिसऱ्याच फसविल्या गेलेल्या व्यक्तीची असते. त्या व्यक्तीने तक्रार केली की पैशांचा माग घेत पोलीस विक्रेत्याच्या बँकेपर्यंत येतात आणि ती रक्कम, काही वेळा संपूर्ण खाते, गोठविले जाते. प्रामाणिक विक्रेत्याला आपली बाजू कागदपत्रांनिशी मांडावी लागते.

उल्लेखनीय प्रकरणे

डोमेन नाव परत मिळविणे किती कठीण असते, याचे सर्वपरिचित उदाहरण अमेरिकेतील सेक्स डॉट कॉम या डोमेनचे आहे. १९९४ मध्ये गॅरी क्रेमेन यांनी नोंदविलेले हे डोमेन १९९५ मध्ये स्टीफन कोहेन याने बनावट पत्राच्या आधारे स्वतःच्या नावे करून घेतले. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर ते मूळ धारकाला परत मिळाले. २००१ मध्ये न्यायालयाने साडेसहा कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, परंतु कोहेन देश सोडून गेला होता. २००३ मध्ये अपील न्यायालयाने डोमेन नाव ही मालमत्ताच असल्याचे आणि बनावट पत्रावरून ती दुसऱ्याला देणारी नोंदणी कंपनी जबाबदार ठरू शकते, असे मत दिले.

पीटूपी डॉट कॉम हे डोमेन २००६ मध्ये चोरीस गेले आणि पुढे लिलावाच्या संकेतस्थळावर सुमारे १,११,००० डॉलरना विकले गेले. खरेदीदाराला ते चोरीचे असल्याची कल्पना नव्हती. डोमेन चोरीबद्दल अमेरिकेत झालेल्या आरंभीच्या फौजदारी शिक्षांमध्ये हे प्रकरण गणले जाते. यावरून विक्रेत्याची मालकी तपासणे खरेदीदारासाठीही आवश्यक असल्याचे दिसते.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्वाळा दिला.

भारतातील भरणा पद्धती आणि त्यांतील जोखीम

एनईएफटी, आरटीजीएस, आयएमपीएस आणि ११ एप्रिल २०१६ रोजी सादर झालेली यूपीआय या पद्धतींनी खात्यात प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम पाठविणाऱ्याला एकतर्फी परत घेता येत नाही. म्हणून देशांतर्गत विक्रीसाठी त्या कार्डापेक्षा अधिक सुरक्षित मानल्या जातात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास उपलब्ध आहे. त्यामुळे बँक बंद असल्याने रक्कम दिसत नाही, ही सबब आता टिकत नाही. आरटीजीएससाठी किमान दोन लाख रुपयांची मर्यादा आहे. गुन्ह्यातील पैशाचा धोका मात्र या पद्धतींतही उरतो.

यूपीआयवर एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे रक्कम मागण्याची सोय फसवणुकीसाठी वापरली जात असल्यामुळे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या विनंत्या आणि क्यूआर कोड चालू असल्याने सावधगिरीची गरज संपलेली नाही.

धनादेशाची रक्कम तो वटल्याशिवाय खरी धरता येत नाही. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ नुसार बँकेकडून तशी माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर देणाऱ्याला १५ दिवसांची मुदत असते. परदेशी खरेदीदारांकडून पैसे घेण्यासाठी पेपालचा वापर होतो. या कंपनीने भारतांतर्गत व्यवहारांची सेवा १ एप्रिल २०२१ पासून थांबविली आहे.

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये पेमेंट अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांसाठी ग्राहकांची रक्कम बँकेतील एस्क्रो खात्यात ठेवण्याचा नियम केला. हे खाते व्यापाऱ्यांची देणी सुरक्षित राहावीत यासाठी असते. संकेतस्थळाचा ताबा मिळाला की नाही, हे ते पाहत नाही. त्यामुळे भरणा अशा कंपनीमार्फत झाला म्हणजे विक्री एस्क्रोखाली झाली, असा अर्थ काढता येत नाही.

कायदेशीर तरतुदी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६सी खाली दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरणे आणि कलम ६६डी खाली संगणकीय साधनांद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हे गुन्हे आहेत. दोन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) ने घेतली असून त्याखाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम १०ए नुसार ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही. असे पुरावे न्यायालयात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते. संदेश पुसून टाकल्यास किंवा फोन बदलल्यास हा पुरावा हातचा जातो.

नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण दोन तृतीयांशांहून अधिक आहे. अहिराणी, भिली, पावरी, गुजरी अशा बोली येथे नांदतात. भरणा ॲप, डोमेन नोंदणी आणि एस्क्रो सेवा यांच्या अटी मात्र बहुतांशी इंग्रजीत असतात. अटी न वाचता समोरच्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबण्याची वेळ त्यामुळे येते.

जिल्ह्यातील पारंपरिक बाजारांची रचना या विषयावर प्रकाश टाकते. नंदुरबारच्या मिरची बाजारात मालाचे वजन होते, भाव पुकारला जातो, आडत्या मध्ये असतो आणि बाजार समितीची नोंद राहते. तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला भरणाऱ्या यात्रेतील घोडेबाजारात खरेदीदार घोडा डोळ्यांनी पाहतो, चालवून पाहतो आणि सौदा समोरासमोर होतो. पाहणी, मध्यस्थ, नोंद आणि समक्ष देवघेव ही त्या व्यवहारांची चार सुरक्षाकवचे होत. संकेतस्थळाच्या विक्रीत यांपैकी एकही आपोआप उपलब्ध नसते. ती विक्रेत्याला मुद्दाम उभी करावी लागतात.

२९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत याच जिल्ह्यातील टेंभली गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. ऑनलाइन व्यवहारात ओळख पटविण्यासाठी आधार कार्डाचे छायाचित्र पाठविण्याची प्रथा पुढे रूढ झाली. परंतु असे छायाचित्र दुसऱ्याचेही असू शकते. सैनिक किंवा निमलष्करी दलातील कर्मचारी असल्याचे भासवून ओळखपत्राचे छायाचित्र पाठविणे ही फसवणुकीची नेहमीची पद्धत आहे. कार्डावरील सुरक्षित क्यूआर कोड भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या अधिकृत ॲपने पडताळता येतो. तरीही कार्ड खरे असणे आणि ते पाठविणारी व्यक्ती तीच असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रतिबंधक उपाय

अशा विक्रीत पुढील दक्षता घेतली जाते :

• विक्रीपूर्वी लेखी करार करणे. त्यात कोणकोणती खाती व फाइली दिल्या जातील, किंमत, भरण्याचा मार्ग आणि ताब्याचा क्रम नमूद असावा.
• एस्क्रो सेवा विक्रेत्याने स्वतः निवडणे आणि तिचा पत्ता खरेदीदाराच्या दुव्यावरून न उघडता स्वतः टंकून उघडणे.
• करारातील नाव आणि रक्कम पाठविणाऱ्या खात्याचे नाव एकच असल्याची खात्री करणे. तिसऱ्याच्या खात्यातून आलेली रक्कम खर्च न करता आधी बँकेला कळविणे.
• जमा रक्कम लघुसंदेशावरून न ठरविता स्वतःच्या बँक खात्याच्या उताऱ्यात पाहणे.
• मोठ्या व्यवहारात कार्डाने किंवा परत घेता येईल अशा मार्गाने भरणा न स्वीकारणे.
• तपासणीसाठी व्यवस्थापकाचा पासवर्ड न देता केवळ वाचण्यापुरता प्रवेश देणे.
• ऑथ कोड सर्वांत शेवटी देणे आणि तोपर्यंत डोमेनवरील कुलूप कायम ठेवणे.
• विकल्या जाणाऱ्या डोमेनवरील ईमेल पत्ता बँक, आधार किंवा अन्य खात्यांशी जोडलेला असल्यास तो विक्रीपूर्वी बदलणे. अन्यथा पासवर्ड बदलण्याचे संदेश नव्या धारकाकडे जातात.
• हस्तांतरणाच्या प्रत्येक टप्प्याचे ईमेल, दिनांक आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवणे.

तक्रारीची पद्धत

आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर किंवा केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर करता येते. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या क्रमांकाचा आरंभीचा आकडा १५५२६० होता. तक्रार मिळताच पैसे ज्या खात्यांत गेले त्या बँकांना सूचना जाते आणि शिल्लक असलेली रक्कम रोखली जाते. फसविणारे रक्कम झपाट्याने एका खात्यातून दुसऱ्यात फिरवितात, म्हणून पहिल्या काही तासांना विशेष महत्त्व आहे. सातपुड्यातील धडगाव किंवा अक्कलकुवा परिसरातील रहिवाशाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास वेळ लागतो. अशा वेळी आधी दूरध्वनीने तक्रार नोंदवून नंतर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा नंदुरबार येथील सायबर पोलीस ठाण्यात कागदपत्रे देणे श्रेयस्कर ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. आरोपी परराज्यातील आहे, या कारणाने तक्रार नाकारता येत नाही.

पैशांच्या तक्रारीबरोबरच डोमेनच्या रजिस्ट्रारलाही त्वरित लेखी कळविणे आवश्यक असते. डोमेन अद्याप त्याच रजिस्ट्रारकडे असेल, तर वाद मिटेपर्यंत ते पुढे हलविण्यास प्रतिबंध करण्याची विनंती करता येते. ते दुसऱ्या देशातील रजिस्ट्रारकडे गेल्यानंतर हा मार्ग अवघड होतो.

संरक्षणाच्या मर्यादा

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार त्रयस्थाच्या घुसखोरीमुळे झालेल्या अनधिकृत व्यवहाराची माहिती ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत बँकेला दिल्यास त्याच्यावर नुकसानीची जबाबदारी येत नाही. परंतु ग्राहकाने स्वतः पिन टाकून पाठविलेली रक्कम किंवा स्वतः सांगितलेला पासवर्ड या संरक्षणात सहसा बसत नाही. त्याचप्रमाणे विक्रेत्याने स्वतः ऑथ कोड देऊन केलेले हस्तांतरण तांत्रिकदृष्ट्या नियमानुसारच झालेले असते. त्यामुळे रजिस्ट्रार ते बहुधा आपणहून फिरवीत नाही आणि विक्रेत्याला न्यायालयाकडे जावे लागते. थोड्या किमतीच्या संकेतस्थळासाठी हा खर्च परवडणारा नसतो. म्हणूनच या फसवणुकीत नंतरच्या उपायांपेक्षा व्यवहाराचा क्रम आधी ठरविणे अधिक परिणामकारक मानले जाते.

हे सुद्धा पहा

डोमेन नाव
एस्क्रो
युनिफाइड पेमेंट्स इंटरफेस
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००
सायबर गुन्हा
नंदुरबार जिल्हा